शिकवलं तर आपलं गिऱ्हाईक जाईल का?

आज दागिन्यांबद्दल बोलू. सोन्याच्या नव्हे, आपण गटात बनवतो त्या: मोत्यांच्या ठुशा, काळ्या मण्यांच्या पोती, रेशीम दोऱ्याचे झुमके.

आमच्या गटांच्या बैठकीत मध्यंतरी एक विषय फार तापला. शेजारच्या तांड्यावरच्या बायांचा निरोप आला होता, आम्हालाही ठुशी गाठवायला शिकवा, पण फी द्यायला पैसे नाहीत. निम्म्या जणी म्हणाल्या, जाऊ. निम्म्या म्हणाल्या, आपणच आपल्या पोटावर पाय कशाला आणायचा? उद्या त्याच बाजारात त्या आपल्या शेजारी बसतील. ही भीती काही खोटी नाही.

पण मग भाव आत्ताच का पडलाय, तेही बोललो. मणी सगळ्यांचे गुलमंडीतले, नमुना सगळ्यांचा मोबाइलवरचा. गिऱ्हाइकाला तुमची ठुशी आणि पलीकडच्या गटाची ठुशी वेगळी ओळखूच येत नाही. कोणाला न शिकवताच ही गत झाली आहे.

नमुने शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी पाहा. आपण हातातलं कमळ पाहतो आणि पुढे जातो. त्याचा मुकुट पाहा, गळ्यातली मोत्यांची माळ पाहा, मोती कसे बसवलेत ते पाहा. चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचं. तिथल्या निळ्या रंगाचा दगड अफगाणिस्तानातून यायचा. आपल्या पैठणचे अकीक दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचे, वाटेला वीस दिवस लागायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तसं लिहिलेलं आहे. म्हणजे देणं-घेणं तेव्हापासूनचं.

आम्हाला सगळ्यांत आवडते ती पॉम्पेईची बाई. इटलीत सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत पॉम्पेई शहर गाडलं गेलं. तिथे 1938 मध्ये एक हस्तिदंती मूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंच, बनावट भारतातली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. या बाईच्या अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच, दागिने मात्र भरगच्च: मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायात थेट गुडघ्याकडे चढत गेलेले वाळे, कमरेला मेखला. तिचा फोटो बैठकीत फिरवला तेव्हा एक मावशी पटकन म्हणाली, “अगं, ही तर तांड्यावरची आजी!” हात भरून बलिया घालणाऱ्या लमाण आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्याच तांड्यावर शिकवायला जायचं की नाही, यावर आम्ही भांडत होतो!

शेवटी गेलो. चार दुपारी, फुकट, भाड्याचा खर्च गटाच्या खात्यातून. म्हाताऱ्या गोरमाटी बोलत होत्या, आम्ही मराठी. बोलण्यात अडलं, हातात अडलं नाही. राजस्थानात तिलोनिया गावी आफ्रिकेतल्या खेड्यांतून बायका यायच्या, बऱ्याच जणी निरक्षर. सहा महिन्यांत सौर दिवे बनवायला शिकून जायच्या. शिकवणाऱ्याही खेड्यातल्याच बाया. भाषा एक नाही, मग खुणा करायच्या, रंगावरून वस्तू ओळखायच्या. आम्हीही तेच केलं. लाल दोरा म्हणजे पहिली गाठ, पिवळा म्हणजे दुसरी. गोंडा ओवायचा तर शब्द लागतच नाहीत.

चौथ्या दुपारी त्यांनी केलेल्या ठुशा पाहिल्या आणि आमच्यातल्या नाही म्हणणाऱ्याही गप्प झाल्या. मोत्यांच्या मध्ये कवड्या, टोकाला आरशाचा तुकडा, एकीने तर आजीच्या घुगरीचा आकार उचलला होता. गाठ आमची, माल त्यांचा. आता त्या बाजारात शेजारीच बसतात. आमची पोत बघायला आलेली बाई त्यांच्याकडे वळते, हेही होतं. उलटही होतं.

तुमच्या गटाला लेणी पाहायला जायचं असेल तर एक वही-पेन्सिल घ्या. चित्रांवर फ्लॅश मारू नका, रंगांना त्रास होतो. आणि दिवस बघून निघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.