काळजी आणि बढती

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या महिला शाखेच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



पणजीच्या हॉटेलांत मी २८ वर्षे नोकरी केली. सुरुवात हाउसकीपिंगला, दिवसाला १४ खोल्या. खोल्या आवरणे म्हणजे घरचेच काम, म्हणून घरच्यांनी कसेबसे जाऊ दिले. पुढे मी बँक्वेटला बदली मागितली, तेव्हा साहेब मायेने म्हणाले, "तिथे रात्री उशीर होतो, बाई. तुमच्या काळजीपोटीच नको म्हणतो." माझ्याबरोबर लागलेला मुलगा तिकडे गेला. दहा वर्षांनी तो माझा साहेब झाला.

त्यात त्याची लबाडी नव्हती. हॉटेलात वर जायचा जिना बहुधा रेस्टॉरंट, बार आणि बँक्वेटमधूनच निघतो. दारूचा साठा, मालाची नासाडी, ८०० पानांच्या लग्नाचा नफा-तोटा, हे सगळे तिथे अंगवळणी पडते. रात्रपाळीचा ड्यूटी मॅनेजर अख्खे हॉटेल एकटा सांभाळायला शिकतो. जनरल मॅनेजर नेमताना हेच विचारतात. चादरी-टॉवेलांचा हिशेब कोणी विचारत नाही. (तोही लाखांत जातो बरे!)

दिल्लीत ही काळजी कायद्यातच लिहिलेली होती. १९१४च्या पंजाब अबकारी कायद्याच्या कलम ३० प्रमाणे, लोक जिथे बसून दारू पितात त्या जागी बाईला नोकरीच देता येत नसे. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींनी करायचे काय? २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. न्यायालयाचे म्हणणे साधे होते: बाईला धोका असेल तर तिच्या सुरक्षिततेची सोय करा, तिची नोकरी काढून घेऊ नका. मला अडवायला मात्र कलम लागले नाही. काळजी पुरली.

आता एक कबुली देते. मी खातेप्रमुख झाल्यावर माशेलची एक मुलगी रात्रपाळी मागायला आली. मी तिला साहेबांचेच वाक्य ऐकवले, अगदी त्याच सुरात. ती म्हणाली, "मॅडम, काळजी नको, गाडी द्या."

रात्री साडेबाराची गाडी मंजूर करून घ्यायला मला दोन महिने लागले. हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, यावरच हिशेबनीस अडून बसले होते. आज ती मुलगी बँक्वेट सांभाळते. यंदा चवथीला तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिच्या सासूबाई माझ्यावर रागावल्या आहेत. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. चहाच्या वेळी मी त्यांना भेटणार आहे.