नव्या लॅपटॉपचा ताप
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, व्यवसाय म्हणाल तर मास्तरकी, आणि तीही सेवानिवृत्तीने संपलेली. अशा माणसाने लॅपटॉपसारख्या यंत्रावर बोलण्यास उभे राहावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु लॅपटॉप घेण्यासाठी आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून जी बिनव्याजी रक्कम दिली जाते, तिच्या अर्जांची छाननी आमच्याकडे आहे. ह्या बाबतीत आमच्या हातून जे घडले ते आपणांपुढे मांडणे आम्हांस प्राप्तच आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही आमच्या नातीसाठी नवा लॅपटॉप घेतला. ती स्थापत्याच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकते; नकाशे काढण्याचे काम त्यावर करावयाचे होते. तिसऱ्याच दिवशी यंत्र असे तापले की मांडीवर ठेववेना, आणि पंख्याचा आवाज म्हणजे जणू पिठाची गिरणी! आम्ही तडक निष्कर्ष काढला की पोरगी रात्री खेळ खेळते. ती म्हणाली, "आबा, मी फक्त नकाशाच उघडलाय." आम्ही ते ऐकले नाही. चाळीस वर्षे मुलांचे ऐकण्याचा पगार घेतलेल्या माणसाकडून हे व्हावे, ह्याची आज शरम वाटते.

आमचा एक जुना विद्यार्थी बसस्थानकाजवळ संगणक दुरुस्त करतो. तो आला, आणि यंत्रास हात लावण्यापूर्वी त्याने विचारले, "गुरुजी, हे ठेवता कुठे?" लॅपटॉप होता पलंगावर, गादीवर, आणि गादीवर गोधडी. शिवाय धूळ बसू नये म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी विणलेला रुमाल यंत्र चालू असतानाही त्याच्या मागील भागावर पांघरलेला! यंत्राच्या तळाशी हवा आत घेण्याच्या खाचा असतात आणि मागे किंवा बाजूस ती बाहेर सोडण्याच्या. खालच्या गोधडीने बुजविल्या होत्या, मागच्या रुमालाने.

ह्या यंत्राचे अंतरंग त्याने समजावून दिले तेव्हा आमच्यातील मास्तर जागा झाला. मुख्य प्रक्रियकास मिळणारी बहुतेक सारी वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. ती बाहेर नेण्यासाठी तांब्याची एक चपटी, दोन्ही तोंडे बंद केलेली नळी असते. आतील हवा काढून घेऊन तीत थोडेसे पाणी ठेवलेले असते. तापलेल्या टोकाशी त्या पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाशी ती निवते, आणि पाणी नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत परत येते. त्या दुसऱ्या टोकावर पातळ पत्र्यांची चळत असते आणि तीवर पंखा वारा घालतो. मडके पाझरते म्हणून पाणी गार होते, बाष्पीभवन उष्णता शोषते, हे आपण चौथीच्या मुलांस शिकवीत आलो. तोच नियम येथे बोटभर जाडीच्या पेटीत राबतो आहे. परंतु पंख्याला हवाच मिळाली नाही तर नियम तरी काय करणार?

लॅपटॉप लाकडी टेबलावर आला. मागील कडेखाली दोन्ही बाजूंस कॅरमच्या दोन दोन सोंगट्या ठेवल्या. नकाशा उघडला असता अंतर्भागाचे तापमान आधी ९७ अंश दिसत होते, ते ८० वर आले. दुसरे कारणही सापडले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्यावर कोणते काम किती शक्ती खाते ते दिसते. नवे यंत्र पहिले काही दिवस आपणहून अद्ययावत होत असते, धारिकांची सूची करीत असते, जुनी छायाचित्रे उतरवून घेत असते. म्हणून नवेपणी ते अधिक तापते. शिवाय बहुतेक माहितीपत्रकांत भोवतालच्या हवेची वरची मर्यादा ३५ अंश दिलेली असते, आणि आमच्या जळगावकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, ही गोष्ट यंत्र बनविणाऱ्याने ध्यानी घेतलेली नसते.

येथेच भाषण संपले असते तर आम्हांस सुखाचे होते.

पुढे जुलैत निधीतून एका मुलास लॅपटॉप मिळाला. दुकानाकडून बदलून मिळण्याची मुदत सात दिवसांची होती. पाचव्या दिवशी त्याचा दूरध्वनी आला, "गुरुजी, फार तापतो हो." आम्ही नुकतेच शहाणे झालेले! न पाहताच उत्तर दिले, "नवा आहे, तापणारच. गादीवर ठेवू नकोस." तो चाचरत म्हणाला, "टेबलावरच ठेवतो." तेही आम्ही ऐकले नाही. त्याच्या वडिलांस वाटले, मंडळाने दिलेल्या वस्तूस नावे कशी ठेवावीत? सात दिवस उलटले. तिसऱ्या आठवड्यात प्रकल्प सादर करावयाच्या आदल्या रात्री यंत्र एकाएकी बंद पडले.

आमच्या त्या विद्यार्थ्याने यंत्रास नुसता कान लावला. आवाजच नव्हता. आमच्या नातीचा लॅपटॉप ओरडत होता आणि निरोगी होता. ह्या मुलाचा मुकाट होता आणि त्याचा पंखा फिरतच नव्हता. हलक्या कामात पंखा थांबलेला असणे पुष्कळ यंत्रांत स्वाभाविक असते. परंतु अंग भाजते आहे, काम मंदावले आहे आणि तरीही पंखा गप्प, हा स्पष्ट दोष होय. बहुतेक प्रक्रियकांची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. तेथे पोहोचताच ते आपला वेग आपणच कमी करतात, आणि तेवढ्यानेही न भागल्यास यंत्र बंद होते. हमी असल्याने पंखा विनामूल्य बदलून मिळाला, पण त्यात १९ दिवस गेले आणि प्रकल्पाचे गुण गेले ते गेलेच. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. वडिलांनी चहा दिला, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्यांनी काढला असता तर आम्हांस हलके वाटले असते.

म्हणून पालकांस विनंती की, यंत्र घरी येताच बदलून मिळण्याची शेवटची तारीख बिलावर लिहून ठेवावी. पहिला दिवसभर ते वीज जोडून टेबलावर चालू ठेवावे, म्हणजे त्याची आरंभीची कामे उरकतील. मग तासभर खरे काम करावे. हवा सुटते तेथे तळहात धरावा, कानाने ऐकावे. काहीच काम नसता तापत असेल, वारा येत नसेल, आपोआप बंद पडत असेल, तर चलच्चित्र टिपून दुकानास मुदतीतच लेखी कळवावे. दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राचा क्रमांक १९१५ आहे. झाकण स्वतः उघडू नये. पिशवीत घालण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा. नुसता मिटलेला कित्येकदा आतल्या आत जागा होऊन तापतो.

बॅटरीचे मात्र निराळे. तळ फुगला, कळफलक वर उचलला गेला किंवा उग्र वास आला, तर चार्जिंग व वापर तत्काळ थांबवून यंत्र अधिकृत केंद्रात न्यावे. फुगवटा दाबून पाहू नये. २००६ साली डेल कंपनीने सोनीने बनविलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या भयास्तव परत मागविल्या होत्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

निधीतून मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करणे म्हणजे कृतघ्नता नव्हे, हे आता अर्जावरच छापले आहे. ज्यांच्या घरी नवा लॅपटॉप आला असेल त्यांनी मुदत संपण्यापूर्वीच्या रविवारी सकाळी तो मंडळाच्या सभागृहात आणावा. आमचा विद्यार्थी तेथे असतो, आणि आम्हीही असतो, ऐकावयास. येताना बिल आणि चार्जर आणावा. सोंगट्या आम्ही ठेविल्या आहेत.