छापलेली वेळ आणि बाईची वेळ

(तुळजापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



गेले वर्षभर मी दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका शोधते आहे. 'बायकांच्या प्रश्नांशी याचा काय संबंध?' असं लोक विचारतात. संबंध आहे. बाईला काय सांगायचं आणि कोणत्या वेळी सांगायचं, हे कोणीतरी ठरवत होतं. त्याची रोजची नोंद या पत्रिकांत आहे.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्याचे कार्यक्रम दैनिकांत लहानशा चौकटीत छापून येत. वेळ आणि नाव, एवढंच. पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम पडद्यावर 'साप्ताहिकी'त सांगत. लिहितावाचता न येणाऱ्या बाईसाठी तीच कार्यक्रमपत्रिका. छापील चौकटी काही ग्रंथालयांच्या फायलींत उरल्या. घरोघरचे अंक रद्दीत गेले.

दोन नावं शेजारी ठेवून पाहा. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं', बायकांसाठी 'सुंदर माझं घर'. आपल्या तालुक्यात खुरपणी, काढणी कोण करतं? तरी बाईची जागा घरातच! २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागलं. तेव्हा चुलीपाशी कोण होतं, हे चौकट सांगत नाही.

आणखी एक. मुंबईच्या दैनिकात छापलं ते तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दिसलंच, असं धरू नका. प्रक्षेपण पोचत होतं का? वीज होती का? संच कोणाच्या घरी होता, आणि दलित वस्तीतल्या बाईला तिथे बसू देत होते का? एका मावशींनी मला सांगितलं, त्या खिडकीबाहेर उभ्या राहून पाहत आणि भाकरीची वेळ झाली की निघत. पाहिलेल्या एकाही मालिकेचा शेवट त्यांना ठाऊक नाही.

म्हणून प्रत्येक गटाने एक काम करावं. ग्रंथालयातून जुन्या दैनिकातल्या एका आठवड्याच्या चौकटी उतरवून आणाव्यात. गटात मोठ्याने वाचाव्यात. प्रत्येक वेळेपुढे आईला, सासूला, शेजारणीला विचारून लिहावं: तेव्हा तुम्ही काय करत होता? त्या बायका आता साठी-सत्तरीच्या आहेत. हे काम पुढच्या शिबिरावर ढकलू नका.