गडावरची एक रात्र
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली घरगुती बाई. भाषणाची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

गेल्या डिसेंबरात मंडळातल्या आम्ही सहा जणी हरिश्चंद्रगडावर मुक्काम करून आलो. पार्ल्याहून दादर, दादरहून कसारा, पुढे जीपने राजूरवरून पाचनई. गडाची उंची १,४२४ मीटर. निघताना मुलगा म्हणाला, "आई, तुला घरी पलंगावर झोप येत नाही, तंबूत कशी येणार?"

मला धास्ती वेगळीच होती. उघड्या रानात बाईमाणसाची अडचण! म्हणून सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही. प्रवासात आपण बायका हेच करतो ना? अर्ध्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. पाचनईची एक बाई डोक्यावर ओझे घेऊन मागून येत होती. ती रागावलीच. "पानी पी, ताई. रानाला कशापायी लाजतीस?" तिने दिलेले पाणी प्यायले, तेव्हा कुठे पाय उचलले.

वर हरिश्चंद्रेश्वराचे दगडी देऊळ पाहिले. चांगदेवांनी येथे तप केले, 'तत्त्वसार' लिहिला, असे सांगतात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात भले मोठे लिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. संध्याकाळी कोकणकड्यावर पालथे पडून खाली डोकावले. कडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. छातीत धस्स झाले!

रात्री त्याच बाईंच्या झोपडीत चुलीपाशी पिठलं-भाकरी खाल्ली. आयुष्यात प्रथमच, मी केलेला नाही असा स्वयंपाक मी सगळ्यांबरोबर, गरम गरम जेवले. पण तंबूत पाठीला खडे टोचत, थंडीने दात वाजत. दोनच्या सुमारास व्हायचे तेच झाले. बाहेर जाणे भाग पडले. शेजारणीला उठवले, बॅटरी घेऊन निघालो.

परतताना बॅटरी विझवली आणि दोघी जागीच उभ्या राहिलो. आकाश ताऱ्यांनी नुसते खच्चून भरलेले. मृग, व्याध, लहानपणी आजोळच्या अंगणात आजीने दाखवलेले, सगळे जागच्या जागी! पार्ल्याच्या दिव्यांत मी त्यांना विसरून गेले होते. डोळे भरून आले. थंडीचे भानच राहिले नाही.

मैत्रिणींनो, घरी आल्यावर गुडघे आठ दिवस दुखले. पण मनात एकच येत राहिले, की ज्या अडचणीला भिऊन मी जन्मभर घरात बसले, तिनेच मला आकाश दाखवले. मी रात्रभर निजले असते, तर काय पाहिले असते?

पुढच्या खेपेला आपण जास्त जणी जाऊ. आपला कचरा आपण परत आणू, जोडीने बाहेर पडू, आणि पाणी मात्र पोटभर पिऊ.