किती विषय राह्यले?

दहावी १९८८ च्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

माईकसमोर उभं राहायची मला सवय नाही. पण या मेळाव्यासाठी दोन महिने सगळ्यांचे फोन नंबर गोळा करताना एक गोष्ट लक्षात आली, ती सांगतो आणि बसतो.

जे सापडले ते बहुतेक सगळे मार्चला पास झालेले. जे नापास झाले, ते आज कुठं आहेत हे कुणाला सांगता येईना. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरला व्हायची. जुलैत घ्यायला सुरुवात झाली ती थेट २०१५ साली. तोवर आपले मित्र कुणी शेतात गेले, कुणी अकोल्याला दुकानात कामाला लागले. आपणही त्यांच्याकडं जाणं सोडलं. त्यांना काय वाटलं असेल, हे मला माझ्या घरात तीच वेळ आली तेव्हा कळलं. मुलाला विचारूनच बोलतो आहे.

माझा मुलगा २०२० साली अमरावतीला इंजिनिअरिंगला लागला. आमच्या घरातला पहिलाच. पहिलं वर्ष घरी, मोबाईलवर गेलं. पुढं वर्गात बसून पेपर सुरू झाले आणि गणिताचा पाया कच्चा असल्याचं उघड झालं. आधी एटीकेटी लागली, मग पाच विषय राहिले आणि वर्ष गेलं.

मी काय केलं? आधी ओरडलो. मग फीचा हिशेब काढला. शेजारच्याचा मुलगा कुठं लागला ते ऐकवलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लपवलं. माझं कृषी केंद्र आहे, दिवसभर माणसं येतात. पोळ्याला तो घरी आला होता. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "पोट्टा कोणत्या वर्षाले हाये?" मी म्हटलं, "तिसऱ्याले." तो मागं खताच्या पोत्यांजवळ उभा होता. काही बोलला नाही. संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला निघून गेला आणि दोन दिवस फोन बंद.

ते दोन दिवस कसे गेले, ते त्याच्या आईला विचारा.

तिसऱ्या दिवशी मी निघालो. अकोल्याच्या बस स्टँडवर आपल्या वर्गातला एक मित्र भेटला, ऑक्टोबरवाला. तो आज शेवटच्या रांगेत बसला आहे, नाव सांगत नाही. माझं तोंड पाहून त्यानं चहा घेतला आणि सगळं काढून घेतलं. मग म्हणाला, "मी नापास झालो तवा माह्या बापानं एकच इचारलं. किती विषय राह्यले? मी म्हटलं, दोन. तो म्हणे, मंग दोनच त राह्यले. तू जाय अन् येवढंच इचार. काहून, कसं, काही इचारू नको."

खोलीवर पोचलो तर मुलगा भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी तेवढंच विचारलं, "किती विषय राह्यले?" तो बराच वेळ गप्प होता. मग उठून बसला आणि बोटावर मोजायला लागला. पाच. त्या रात्री आम्ही एका कागदावर पाच विषय, फॉर्म भरायची शेवटची तारीख आणि परीक्षेचा महिना लिहिला. पुढचं त्याचं त्यानं केलं. कॉलेजात मी गेलो नाही, कुणाला फोन केला नाही. वर्षभर तो सकाळी दुकानात बसायचा, दुपारी गणित करायचा. मी फक्त गिऱ्हाइकांना खरं सांगायला शिकलो.

एटीकेटीचा अर्थ मला तेव्हा कळला. काही विषय राहिले तरी पुढचं सत्र चालू ठेवायची परवानगी. विद्यापीठ पोराला जेवढी सवड देतं, तेवढीही मी बाप असून देत नव्हतो. जुलैत सोयाबीन उगवलं नाही तर मी शेतकऱ्याला दुबार पेरणी सांगतो, त्याला नालायक म्हणत नाही. बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंधसुद्धा १९२३ साली परीक्षकांनी एकदा दुरुस्तीला परत पाठवला होता. त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला, आणि त्याच वर्षी तो मान्य झाला.

तुमच्याही घरी अशी वेळ आली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मुलगा किंवा मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि दुसरं, घरी यायला त्याला लाज वाटेल असं काही चारचौघांत बोलू नका. खोटंसुद्धा.

आता तुम्ही विचाराल, मुलगा पास झाला का? पाचातले चार निघाले. पुढच्या वर्षांचे पेपरही निघाले. गणिताचा एक अजून आहे, त्याचा फॉर्म भरला आहे. परवा दुकानात कुणीतरी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "एक राह्यला."

जाता जाता एक विनंती. पुढच्या मेळाव्याची यादी निकालाच्या कागदावरून करू नका. हजेरीपटावरून करा. ज्यांचे नंबर नाहीत ते शोधायचं काम माझ्याकडं द्या.