पिशवी घेऊन या, बाई!

आम्ही दोघी आयुर्वेदाच्या वैद्य. तालुक्याच्या गावी बारा वर्षं एकत्र दवाखाना चालवतो. आमच्याकडे येणाऱ्यांत बायकाच जास्त. आल्या आल्या एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, “झाडपाल्याचंच द्या हो, त्यानं काही अपाय होत नाही.” आज आम्ही या वाक्याबद्दलच बोलणार आहोत, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

दवाखाना सुरू केला त्या सुमारास, थंडीच्या दिवसांत एक आजी खोकल्यासाठी आल्या. घसा कोरडा, रात्री झोप नाही. आम्ही विचारलं, “आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?” त्या म्हणाल्या, “नाही गं बायांनो.” आम्ही ज्येष्ठमध घातलेला काढा दिला. खोकला थांबला. आजींना काढा गोड लागला, गुण आला, म्हणून त्यांनी बाजारातून ज्येष्ठमध आणून तो तसाच चालू ठेवला. महिन्याभरानं सूनबाई त्यांना घेऊन आल्या. पाय सुजलेले, डोकं जड, रक्तदाब खूप वाढलेला. सूनबाईंनी पदराआडून एक स्टीलचा डबा काढला. त्यात बीपीच्या गोळ्या! आम्ही म्हटलं, “आजी, तुम्ही तर औषध नाही म्हणालात.” आजी म्हणाल्या, “ही होय? ही तर रोजची गोळी. औषध म्हंजे आजारपणात घेतात ते.”

चूक आजींची नव्हती. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं, की शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. हे आम्ही शिकलेलो होतो. पण प्रश्न धड विचारला नव्हता, दवाखान्यात रक्तदाब मोजला नव्हता आणि काढा कधी थांबवायचा, तेही सांगितलं नव्हतं. आजींना लगेच मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ज्येष्ठमध बंद केल्यावर त्या बऱ्या झाल्या. आम्ही दोघी मात्र कितीतरी रात्री नीट झोपलो नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. पहिल्यांदा येताना घरातलं पोटात जाणारं सगळं पिशवीत घालून आणायचं. गोळ्या, चूर्णं, काढे, बाजारातल्या पुड्या, नणंदेनं पाठवलेली बाटली, सगळं. पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन बोलायचं. पहिल्या भेटीला पाऊण तास जातो. बाहेरच्या बाया कुरकुरतात. पण त्या पाऊण तासात जे कळतं, ते नुसती नाडी पाहून कळत नाही.

एका ताईंच्या पिशवीत शुगरच्या गोळ्या होत्या आणि कारल्याच्या रसाची बाटली. दोन्ही रोज चालू, त्यात चतुर्थीचा उपवास. “उपवासाला हातपाय थरथरतात, घाम फुटतो,” म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, अशक्तपणा आहे. खरं तर साखर खाली जात होती. कारलंही साखर उतरवतं, गोळीही उतरवते आणि पोटात अन्न नाही. आम्ही रस थांबवला आणि उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं.

दुसऱ्या एका मावशींच्या पिशवीत सांधेदुखीच्या पुड्या निघाल्या. वर नाव नाही, गाव नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. ते लपून पोटात जात राहतं आणि एकदम बंद केलं तरी धोका असतो. म्हणून अशी पुडी घेत असाल तर स्वतःच्या मनानं सोडू नका, डॉक्टरांना दाखवून सोडा.

मैत्रिणींनो, वनस्पतीत ताकद असते, म्हणून तर ती औषध होते. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो, हे जगापुढे मांडलं. मुळीत एवढी ताकद आहे, तर चुकीच्या माणसाला ती बाधणार नाही का? 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते. वाद बाजूला ठेवा. आपण घ्यायचं ते एवढंच, की वेल ओळखल्याशिवाय काढा उकळू नका आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काही वेळा आम्ही औषधाची बरणी उघडतच नाही. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. स्तनात गाठ लागली. छातीत दुखून घाम सुटला. गरोदरपणी रक्त दिसलं. अशा वेळी आम्ही चिठ्ठी लिहून पुढे पाठवतो. “तुम्हीच काहीतरी द्या ना,” म्हणून बाया रडतात. मोठ्या दवाखान्याचा खर्च, सोबत येणारं कुणी नाही, तपासणीची लाज, हे सगळं आम्हाला कळतं. कधी आमच्यातली एक सोबतही जाते. पण तिथं काढा देणं म्हणजे तिचे मोलाचे दिवस वाया घालवणं.

तुम्ही कुठल्याही वैद्यांकडे जा, चार गोष्टी न विचारता सांगा. रोजची गोळी कुठली आहे. पाळी चुकली आहे का, दिवस गेले असतील का. अडुळशासारखं साधं वाटणारं औषधही गरोदरपणी आपल्या मनानं घेऊ नये. अंगावर दूध पाजता का. आणि पूर्वी कशानं पुरळ किंवा सूज आली होती. मग त्यांना तीन प्रश्न विचारा: हे काय आहे, किती घ्यायचं, कधी थांबवायचं? डॉक्टरांकडे गेलात, की त्यांनाही काढ्याचं सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर रागावले.

त्या आजी अजून येतात. पिशवी टेबलावर ठेवतात आणि आम्हालाच दटावतात, “बघा गं नीट, मागच्यासारखं करू नका.” आम्ही नीट बघतो.

तुम्हीही आज रात्री घरातली अशी एक पिशवी भरून ठेवा. आपली आणि सासूबाईंचीही.