गोचीड, पिसू आणि माणसाचा ताप

गोंदिया जिल्हा म्हणजे तळीं, धान आणि अरण्य यांचा मुलूख. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं तो वेगळा निघाला. पावसाळा लागला म्हणजे येथील बांध्यांत रोवणी सुरू होते. बायकामाणसें दिवसभर चिखलांत वांकून रोपें लावितात. गुरें धुऱ्यांवरचें गवत खातात. आणि बिळांत पाणी शिरल्यामुळें शेतांतले उंदीरही त्याच धुऱ्यांचा आश्रय घेतात. माणूस, गुरूं आणि उंदीर हीं तिन्ही अशा रीतीनें हातभर रुंदीच्या एका वरंब्यावर एकत्र येतात. या तिघांना जोडणारा चौथा प्राणी मात्र इतका लहान असतो कीं, त्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. गोचीड, पिसू आणि गवतांतील सूक्ष्म कोळीकीटक हे ते प्राणी होत. ते चावून आपलें पोट भरतात; परंतु चावतांना ते रोगाचे जंतू दुसऱ्याच्या अंगांत पोंचवितात.

हें ज्ञान मनुष्यजातीला फार उशिरां झालें, आणि त्यांतील मोठा भाग महाराष्ट्राच्याच भूमीवर सिद्ध झाला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग आल्याचें डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनीं ओळखलें. पुढें डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंतच प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. लस मिळाली, तरी रोग पसरतो कसा हें कोडें सुटलेलें नव्हतें. कोणी हवेला दोष देत, कोणी जमिनीला, कोणी धान्याला. १८९८ सालीं फ्रेंच वैद्य सिमाँ यांनीं कराचीस प्रयोग करून पिसवेकडे बोट दाखविलें. पण त्यांचें म्हणणें बहुतेकांना पटलें नाहीं.

त्याची खरी कसोटी मुंबईंत लागली. डॉ. लिस्टन यांनीं उंदरावरील पिसवांचा बारकाईनें अभ्यास केला, आणि १९०५ सालीं नेमलेल्या संशोधकांच्या मंडळानें परळ येथील प्रयोगशाळेंत तो पुढें नेला. हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नांवानें ओळखली जाते. त्यांचा प्रयोग साधा पण निर्णायक होता. पिसवांनीं भरलेल्या खोलींत कांहीं गिनीपिग मोकळे सोडले, कांहीं जमिनीपासून दोन इंच उंचीवर पिंजऱ्यांत ठेविले, आणि कांहीं दोन फूट उंचीवर टांगले. पहिल्या दोन्ही प्रकारच्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे मात्र सुखरूप राहिले. हवा तर सर्वांना सारखीच होती. परंतु पिसूला दोन फूट उंच उडी मारतां येत नाहीं. एका पिंजऱ्याच्या उंचीनें वर्षानुवर्षांचा वाद मिटला. पुढें १९१४ सालीं असेंही सिद्ध झालें कीं, प्लेगाचे जंतू पिसवेच्या अन्नमार्गांत बोळा करून बसतात. त्यामुळें ती भुकेनें वारंवार चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतू आंत सोडते.

या शोधापूर्वींही खेड्यांतील लोकांना एक गोष्ट ठाऊक होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं ते घर सोडून शेतांत झोपड्या बांधून रहात. उंदीर मेला म्हणजे त्याचें अंग थंड पडतें, आणि उपाशी पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात, हें कारण त्यांना ठाऊक नव्हतें. पण अनुमान अचूक होतें. अशा अनुभवाची किंमत शास्त्राला नेहमींच उशिरां कळते. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं प्लेग पुन्हा दिसला, तेव्हांही उंदीर आणि पिसवा हीच जुनी जोडी चर्चेंत आली.

पिसवेनंतर गोचिडाचा विचार. गोचिडाचें पिलूं सहा पायांचें असतें. पुढें त्याला आठ पाय फुटतात. प्रत्येक अवस्थेंत त्याला रक्त लागतें, आणि तें मिळालें कीं बहुतेक वेळां तें खालीं गळून पडतें. रक्त पिऊन फुगलेली मादी गुरावरून उतरून गोठ्याच्या भिंतींतील भेगांत, दगडांखालीं किंवा तणशींत हजारों अंडीं घालते. म्हणून केवळ गाईच्या अंगावरचे गोचीड वेंचून भागत नाहीं. गोचिडाचें खरें घर गाईचें अंग नसून गोठ्याची भिंत होय. ज्या शेतकऱ्यानें भेगा लिंपल्या, शेण व कुजकी तणस वेळेवर दूर केली, त्याचें निम्में काम झालें.

गोचीड रक्त पितो एवढाच त्याचा अपराध नाहीं. थायलेरिया नांवाचे सूक्ष्म जीव तो गाईच्या रक्तांत सोडतो. गाईला कडक ताप येतो, कानाखालच्या आणि खांद्यापुढच्या गांठी सुजतात, दूध आटतें, रक्त पातळ होतें, आणि उपचार न झाल्यास गाय दगावते. विदर्भांतील गवळाऊसारख्या देशी जनावरांत या रोगाशीं झुंजण्याची शक्ति पुष्कळ असते. पण अधिक दुधाच्या आशेनें आणलेल्या संकरित गाई त्याला लवकर बळी पडतात. कर्ज काढून गाय घेणाऱ्या कुटुंबाला ही हानि केवढी मोठी, हें सांगावयास नको. बुपार्वाक्वोन हें औषध वेळेवर मिळाल्यास पुष्कळशा गाई वांचतात. म्हणून गांठ सुजलेली दिसतांच पशुवैद्याकडे जाणें हाच शहाणपणा होय.

गुरांचा रोग गुरांपुरताच राहतो, ही समजूतही टिकत नाहीं. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूर अरण्यांत माकडें मरूं लागलीं, आणि पाठोपाठ रानांत जाणारीं माणसें तापानें अंथरुणाला खिळलीं. पुणें येथें १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणु संशोधन केंद्रांतील संशोधकांनीं शोध करून त्याचें मूळ रानांतल्या गोचिडांत असल्याचें दाखविलें. तोच रोग २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी भागांत व २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्ग परिसरांत आढळला. तेथें त्याला माकडताप म्हणतात. २०११ सालीं गुजरातेंत क्रिमियन-काँगो ताप आढळला, तेव्हां रोग्याची शुश्रूषा करणारेही त्याला बळी पडले. या रोगाचे जंतू गोचिडांतून तर येतातच, शिवाय रोगी जनावराच्या रक्तांतूनही येतात. म्हणून अंगावरचा गोचीड बोटानें चिरडूं नये. चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि हात साबणानें धुवावे.

गोंदियाच्या धानकऱ्याला मात्र अधिक जवळचा शत्रु तिसराच आहे. स्क्रब टायफस हा ताप गवतांतील कोळीकीटकाच्या पिलाच्या चाव्यानें होतो. हें पिलूं टाचणीच्या टोकाएवढें असतें. उंदरावर जगतें आणि माणूस सांपडला तर त्यालाही चावतें. जंतू मादीकडून अंड्यांत उतरतात, म्हणून एकदां धुऱ्यावर त्यांनीं ठाण मांडलें कीं तेथून सहजासहजीं हलत नाहींत. २०१८ च्या पावसाळ्यांत विदर्भांत या तापाचे रोगी पुष्कळ आढळले. ताप, डोकेदुखी, अंगदुखी हीं लक्षणें हिवतापासारखींच असल्यामुळें रोग ओळखण्यांत दिवस जातात, आणि तेवढ्यांत फुप्फुसें, मूत्रपिंडें व मेंदू यांवर त्याचा घाला पडतो. एक खूण मात्र मोलाची आहे. कांख, जांघ, कंबर अशा झांकलेल्या जागीं चाव्याच्या ठिकाणीं सिगारेटनें डागल्यासारखी काळी खपली दिसते. ती सर्वांनाच येते असें नाहीं, आणि ती दुखत नसल्यामुळें रोगी स्वतः तिचा उल्लेख करीत नाहीं. वैद्यानेंच ती शोधावी लागते. डॉक्सीसायक्लिन हें स्वस्त औषध लवकर दिल्यास ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. पेनिसिलीनच्या जातीचीं औषधें येथें निरुपयोगी ठरतात.

म्हणजे जीव वांचणें हें महाग औषधावर नसून वेळेवर घेतलेल्या संशयावर अवलंबून आहे. रोवणीहून किंवा कापणीहून परतल्यावर आंघोळ करून कपडे बदलावे. धुऱ्यावर बसतांना खालीं कांहीं अंथरावें. घराजवळचें गवत कापावें, धान्याच्या कोठाराला उंदरांपासून जपावें. आणि ताप आल्यास आपण शेतांत जातों हें वैद्याला आवर्जून सांगावें. तेंदूपान व मोहफुलें वेंचणाऱ्यांनीं रानांत माकड मेलेलें दिसल्यास त्याला हात न लावतां वनखात्यास कळवावें.

गोंदियांत २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरचें पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपुरांत माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला बसविण्यांत आली. परंतु कोणतीही प्रयोगशाळा धुऱ्यावर पहिल्या दिवशीं हजर नसते. तेथें असतो तो गुराखी, जो गाईच्या कानाखालची गांठ चांचपून पाहतो. आणि तेथें असते ती रोवणी करणारी बाई, जिच्या कांखेंतील खपली वेळेवर कोणी पाहिली तर तिच्या घरचा दिवा विझणार नाहीं. शास्त्राचें अर्धें काम त्यांच्या नजरेवर अवलंबून आहे, आणि उरलेलें अर्धें त्यांचें म्हणणें ऐकून घेणाऱ्या वैद्यावर.